दिवाळीच्या सुट्टीत अंदमान: तिथी, बोट आणि विमान यांचा मेळ कसा घालायचा

दिवाळीत अंदमानला जायचं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘तिकडे पाऊस असेल ना?’ असू शकतो. आपल्याकडे दसऱ्याच्या सुमारास पाऊस आवरतं घेतो. अंदमानात मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबर हे वारा फिरण्याचे दिवस. नैर्ऋत्य मोसमी वारे परत जात असतात, ईशान्येचे यायला लागलेले असतात आणि मधल्या मध्ये बंगालच्या उपसागरात, अंदमानच्या समुद्रात एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात. यातली बरीचशी विरून जातात, एखादं वाढून चक्रीवादळ होतं.

तरी जावं का? जरूर जावं. फक्त पावसाची चौकशी करण्याऐवजी स्वतःला वेगळा प्रश्न विचारा: एक दिवस बोट सुटलीच नाही, तर आपली सहल कोलमडेल का? उत्तर ‘हो’ असेल तर आखणी चुकली आहे. अंदमानात विमान, हॉटेल, स्कूबा (हवेची टाकी लावून पाण्याखाली डुबकी) या सगळ्यांच्या आधी बोट येते, कारण एका बेटावरून दुसऱ्यावर जायला पर्यटकाला व्यवहारात तोच एक मार्ग आहे. समुद्र खवळला की बंदर खातं बोटी थांबवतं आणि त्यावर कोणाचीही ओळख चालत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक काही दिवस अडकून पडले होते. शेवटी नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. हे दरवर्षी घडत नाही. पण एखाद-दुसऱ्या दिवसाची खोळंबाखोळंबी या मोसमात नवलाची नाही.

कॅलेंडर काढा, पण तिथीच्या ओळीवर बोट ठेवा

दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यावर येते, कधी नोव्हेंबरच्या मध्यावर. अंदमानसाठी या महिन्याभराच्या फरकाला फार किंमत आहे. पोर्ट ब्लेअरला वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. ऑक्टोबर चांगला ओला जातो, नोव्हेंबर त्याहून बरा, डिसेंबरपासून उघडीप वाढते आणि जानेवारी ते मार्च हे सगळ्यांत कोरडे महिने. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, ते सोयीचं. २०२७ मध्ये ते २९ ऑक्टोबरला येतंय, म्हणजे बोट रद्द झाली तर हाताशी असावेत म्हणून ठेवायचे राखीव दिवस एकाऐवजी दोन धरलेले बरे. एखाद्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच उरकत असेल आणि घरात शाळेची मुलं नसतील, तर मी सरळ जानेवारी-फेब्रुवारी गाठायला सांगेन.

दिवाळीच्या आतही तीन वेगळे तुकडे पडतात. वसुबारसेच्या आधीचे दिवस, ऐन सण, आणि भाऊबीजेनंतरचा आठवडा. आधीच्या दिवसांत गर्दी जरा कमी असते, पण बंगालची पूजेची सुट्टी अजून संपलेली नसते, त्यामुळे कोलकात्याहून येणारी विमानं भरलेली मिळतात. पाडव्यानंतर गुजराती मंडळी लाभपंचमीपर्यंत बाहेर पडतात, तेव्हा हॉटेलांचे भाव चढतात. माझा कल भाऊबीज घरी करून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघण्याकडे असतो. गर्दी उतरणीला लागते, हवामान आठवडाभराने पुढे सरकलेलं असतं, आणि लक्ष्मीपूजनाला घराला कुलूप का, हे आजीला समजावत बसावं लागत नाही.

आता तिथीचं दुसरं कारण. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे त्या आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत समुद्राला उधाण. भरती चांगली चढते, ओहोटीही दूरवर जाते. अष्टमीच्या आसपास भांग येतो, पाण्याची चढउतार कमी होते, ओढही कमी. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण अंदमानच्या सहलीत ते नेमकं उपयोगी पडतं. नील बेटावरचा दगडी नैसर्गिक पूल नीट पाहायचा तर ओहोटीच हवी, आणि उधाणाच्या दिवसांतली ओहोटी सगळ्यांत चांगली. उलट स्नॉर्केलिंगला, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचं पाहायला, विशेषतः पहिल्यांदाच करणाऱ्याला, भांगाचं शांत पाणी सोपं जातं.

आणि अमावास्येचा खास फायदा म्हणजे अंधार. हॅवलॉकच्या खारफुटीच्या खाडीत रात्री कयाकमधून नेतात. पाण्यात वल्हं मारलं की सूक्ष्म प्लवकांमुळे निळसर उजेड उठतो, हात बुडवून ढवळला तर बोटांभोवती ठिणग्या फिरल्यासारख्या दिसतात. चांदणं असलं की हे जवळजवळ दिसतच नाही. भाऊबीजेची कोर सूर्यास्तानंतर लवकर मावळते, त्यामुळे लक्ष्मीपूजनापासून पंचमी-षष्ठीपर्यंत उशिराची फेरी घेतली तर काळोख मिळतो. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जाणार असाल तर या फेरीचे पैसे वाचवा.

कागदावर दिवस मांडताना

तिकीट काढायला मोबाइल उचलण्याआधी एका कागदावर दिवस लिहा. अंदमानात दिवस आपल्यापेक्षा फार लवकर सुरू होतो आणि लवकर संपतो. घड्याळ भारताचंच, पण बेटं मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ २० रेखांश. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पोर्ट ब्लेअरला सूर्य सव्वापाचच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या आत मावळतो. मुंबईत त्याच दिवशी सहा वाजून जातात. म्हणजे ‘चार वाजता चहा पिऊन निघू’ असं म्हणणाऱ्या कुटुंबाला किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत अंधार भेटतो. नरक चतुर्दशीला पहाटे उठता, तसं सहलभर उठा. दुपारी जेवून ताणून द्या, काही बिघडत नाही.

सहा रात्री सात दिवस हा माझ्या मते किमान मुक्काम. चार रात्रींची पॅकेजं विकली जातात, पण दिवाळीच्या मोसमात ती घेऊ नयेत, कारण त्यात चुकीला जागाच नसते. माझा आराखडा असा:

पहिला दिवस पोर्ट ब्लेअरला उतरून सेल्युलर जेल. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक. तिथे तीन रात्री. पाचव्या दिवशी हॅवलॉकहून नील, तिथे एक रात्र. सहाव्या दिवशी पोर्ट ब्लेअरला परत आणि मुक्काम तिथेच. सातव्या दिवशी विमान.

राखीव दिवस मिळत असेल तर तो पोर्ट ब्लेअरच्या शेवटच्या मुक्कामाला जोडा, हॅवलॉकला नाही. लोक नेमकं उलटं करतात, कारण हॅवलॉक जास्त सुंदर आहे. पण राखीव दिवस बेटावर ठेवला आणि शेवटच्या दिवशी बोट रद्द झाली, तर विमानही गेलं. तोच दिवस पोर्ट ब्लेअरला असेल तर बोट एक दिवस उशिरा सुटली तरी विमान हाताशी राहतं, आणि बोट वेळेवर सुटलीच तर त्या शहरात पाहण्यासारखं भरपूर आहे. विमान ज्या दिवशी, त्याच दिवशी सकाळी बेटावरून बोटीने यायचं, असं कोणी एजंट सुचवत असेल तर नम्रपणे दुसरा एजंट शोधा.

विमान

मुंबई-पुणे-नागपूरहून जाताना बहुतेकांना चेन्नई, कोलकाता, बंगळूर किंवा हैदराबादला विमान बदलावं लागतं. चेन्नईहून पोर्ट ब्लेअर साधारण १३७० किलोमीटर, सव्वादोन तासांचं उड्डाण. विमानतळाचं नाव वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. शहराचं अधिकृत नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. तिकीट शोधताना दोन्ही नावं टाकून पाहा, कारण सगळ्या संकेतस्थळांनी बदल केलेला नाही. बेटांचंही तसंच. डिसेंबर २०१८ पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप आणि रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. रिक्षावाले आणि जेट्टीवरचे लोक मात्र अजून जुनीच नावं वापरतात, म्हणून मीही इथे तीच ठेवली आहेत.

जाताना दुपारी बारा-एकपर्यंत उतरणारं विमान घ्या, म्हणजे पहिला दिवस हाताला लागतो. त्यासाठी मुंबईहून मध्यरात्रीनंतरचं किंवा अगदी पहाटेचं विमान पकडावं लागेल. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असू द्या. वेगवेगळी तिकिटं काढून हजार-दीड हजार वाचतात खरे, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नसतं. येतानाही चेन्नईत तीन-चार तासांचं अंतर ठेवा.

तिकिटं कधी काढायची? दिवाळीसाठी जून-जुलैमध्ये. गणपतीत बघू म्हणणारे दिवाळीत दुप्पट मोजतात.

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजंही जातात, पण प्रवासालाच तीनेक दिवस लागतात. शाळेच्या सुट्टीत ते बसत नाही.

बोट: इथे वेळ द्या

दोन प्रकार आहेत. सरकारी फेरी आणि खासगी बोटी. सरकारी फेरीचं तिकीट काही शे रुपयांत मिळतं, हॅवलॉकला पोहोचायला अडीच तासांच्या आसपास लागतात. तिकिटं प्रवासाच्या थोडेच दिवस आधी खुली होतात आणि बेटावरच्या रहिवाशांना त्यांची खरी गरज असते. सहकुटुंब जाणाऱ्याने यावर भिस्त ठेवू नये. खासगी बोटींचं भाडं एका बाजूला साधारण दीड-दोन हजार धरून चाला, वरच्या वर्गाला जास्त. दीड तासात हॅवलॉक. मकरूझ, नॉटिका, ग्रीन ओशन, आयटीटी मॅजेस्टिक ही नावं तुम्हाला दिसतील.

यातला फरक भाड्यापेक्षा पोटाच्या हिशेबाने बघा. मकरूझ, नॉटिका या बंदिस्त, वातानुकूलित, वेगवान बोटी. ग्रीन ओशन जरा सावकाश जाते, पण तिच्या वरच्या डेकवर उघड्यावर जाता येतं. ज्याला बोट लागते त्याला थंडगार बंद खोलीत, काचेवर आपटणाऱ्या लाटा बघत बसणं ही शिक्षा असते. वारा तोंडावर घेत क्षितिजाकडे नजर लावली की बराच आराम पडतो. बंदिस्त बोटच मिळाली तर खालच्या मजल्यावरच्या, मधल्या किंवा मागच्या जागा मागा, पुढे नाक जास्त उसळतं. बोट लागण्याच्या गोळीबद्दल आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा आणि ती निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुतेक वेळा बाहेरच येते. सकाळी रिकाम्या पोटी जाऊ नका आणि तुडुंब खाऊनही नको. एक केळं, दोन बिस्किटं. फराळाचा डबा बोटीत उघडू नका, तळणीचा वास शेजाऱ्यांना भोवतो. आलेपाकाच्या वड्या मात्र खिशात असू द्या.

तिन्ही तिकिटं एकदम काढा: पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक, हॅवलॉक ते नील, नील ते पोर्ट ब्लेअर. अशा त्रिकोणात फिरलं की मागे येणं-जाणं होत नाही. शक्य तितक्या सकाळच्या फेऱ्या निवडा. सकाळी समुद्र बहुधा शांत असतो आणि समजा ती फेरी रद्द झाली, तर दुपारच्या फेरीचा पर्याय उरतो. तिकिटावर दोन गोष्टी नीट वाचा. एक, जेट्टी कुठली: फिनिक्स बे की हॅडो. चुकीच्या जेट्टीवर पोहोचलेली कुटुंबं दर मोसमात धावताना दिसतात. दोन, किती वाजता हजर राहायचं. साधारण तासभर आधी गेलेलं बरं, कारण विमानतळासारखी सामान तपासणी होते आणि प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र बघतात. लहान मुलांचंही आधार कार्ड हवं. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळू द्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचा इथेच घोटाळा होतो.

सामानाला वजनाची मर्यादा असते, ती कंपनीगणिक बदलते. एका अजस्र सुटकेसऐवजी दोन मध्यम बॅगा आणा. जेट्टीवरून बोटीवर जाताना फळीवरून चालावं लागतं आणि हमाल दरवेळी मिळेलच असं नाही.

टूर कंपनीकडून जात असाल तर तीन प्रश्न लेखी विचारा. बोट कुठली आणि कुठल्या वर्गाची? बोट रद्द झाली तर जादा मुक्कामाचा खर्च कोणाचा? शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला आहे ना? या तिन्हींची सरळ उत्तरं देणारी कंपनी थोडी महाग असली तरी घ्यावी.

पोर्ट ब्लेअर

मराठी माणूस अंदमानला जातो तो समुद्रासाठी आणि सेल्युलर जेलसाठी, आणि वयस्कर मंडळींचा क्रम बहुधा उलटा असतो. पहिल्याच दिवशी जेल करावं. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या मधल्या मनोऱ्यापासून सात रांगा निघत होत्या, आज तीन उभ्या आहेत. प्रत्येक रांगेतल्या कोठड्यांची तोंडं पुढच्या रांगेच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर दुसरा कैदी दिसूच नये अशी रचना. कोठडी साधारण साडेचार मीटर लांब, पावणेतीन मीटर रुंद, झरोका तीन मीटर उंचीवर. आत उभं राहून हात वर केला तरी तिथपर्यंत पोहोचत नाही. दाराच्या कडीचा अडसर तर भिंतीतल्या कोनाड्यात असा दूर बसवलाय की गजांतून हात घालून तो सापडणार नाही.

सावरकरांना १९११ मध्ये इथे आणलं आणि १९२१ मध्ये परत नेलं. त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. त्यांचे थोरले बंधू बाबाराव याच तुरुंगात होते. कोठडीपर्यंत जायला जिने चढावे लागतात, गुडघेदुखी असलेल्यांनी सावकाश. दुपारी जेवणाच्या वेळात प्रवेश बंद असतो, तेव्हा अडीचच्या आत आत शिरा आणि किमान दीड तास ठेवा. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटं आधीच ऑनलाइन काढा. हिंदी आणि इंग्रजी खेळ वेगळे असतात, वेळ नीट बघून घ्या. बसायला उघड्यावरच असल्याने छत्रीपेक्षा रेनकोट बरा, मागच्याला दिसतं.

वारांचंही भान ठेवा. जेल आणि संग्रहालयांसाठी सोमवार टाळा, रॉस बेटासाठी बुधवार. रॉस हा राखीव दिवसाचा उत्तम उपयोग. जेलजवळच्या जेट्टीवरून छोट्या बोटीने काही मिनिटांत पोहोचता. ब्रिटिशांच्या चर्चच्या, बेकरीच्या भिंतींना वडाच्या मुळांनी कवळून टाकलंय आणि त्यातून हरणं निवांत फिरत असतात.

हॅवलॉक: कुठला किनारा कधी

वाऱ्याची दिशा लक्षात ठेवली की हॅवलॉकचे किनारे आपोआप लागतात. नोव्हेंबरपासून वारा ईशान्येकडून. त्यामुळे पूर्वेकडचे विजयनगर, कालापत्थर हे किनारे थोडे खळबळते आणि पश्चिमेकडचा राधानगर आडोशाला, शांत. पोहायचं ते राधानगरला. कालापत्थर सूर्योदयाला, पाच वाजता, चालायला.

राधानगर जेट्टीपासून साधारण १२ किलोमीटर. सूर्यास्तासाठी साडेतीनलाच पोहोचा, पावणेपाचला खेळ संपायला लागतो. बरीच झाडी असलेली, लांबच लांब पांढरी पुळण आहे ही. लोक जिथे उतरतात तिथेच गर्दी करून थांबतात. डावीकडे-उजवीकडे दहा मिनिटं चाललात की किनारा तुमचा. फक्त टोकाच्या खाडीकडे, जिथे गोडं पाणी समुद्राला मिळतं, तिकडे पाण्यात उतरू नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरी या बेटांवर आहेत आणि २०१० मध्ये याच परिसरात एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. फलक, जाळी, जीवरक्षकांची शिट्टी यांना मान द्या. अंधार पडल्यावर कुठल्याच किनाऱ्यावर पाण्यात जायचं नाही.

एलिफंट बीच हा स्नॉर्केलिंगचा किनारा. जेट्टीवरून बोटीने वीसेक मिनिटं, नाहीतर जंगलातून पायवाट. पावसानंतर ही वाट म्हणजे निव्वळ चिखल, बोटीनेच जा. हवा बिघडली की या छोट्या बोटी मोठ्यांच्या आधी थांबतात. म्हणून हा कार्यक्रम हॅवलॉकच्या पहिल्या पूर्ण दिवसालाच ठेवा, शेवटच्यावर ढकलू नका.

स्कूबा पोहता न येणाऱ्यालाही करता येतं, प्रशिक्षक पूर्ण वेळ हाताला धरून असतो. मुलांसाठी किमान वय १० वर्षं. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास, आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर आरोग्याच्या फॉर्ममध्ये खरं लिहा आणि निघण्याआधी डॉक्टरांचं पत्र घेऊन ठेवा, तिथे ऐनवेळी ते मिळत नाही. सर्दी झाली असेल तर डुबकी रद्द करा. कानातला दाब सुटत नाही आणि मग दुखणं आठवडाभर पुरतं. डुबकीनंतर किमान १८ तास, आणि चोवीस असतील तर उत्तम, विमानात बसायचं नसतं. आपल्या आराखड्यात स्कूबा तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतं, त्यामुळे ही अडचण येत नाही. पाण्याचं तापमान २८ अंशांच्या आसपास, कुडकुडायला होत नाही. पाऊस होऊन गेला असेल तर पाणी थोडं गढूळ असतं. अशा वेळी केंद्राला विचारा, ‘आज किती मीटर दिसतंय?’ प्रामाणिक केंद्र ‘उद्या या’ म्हणतं.

फोटोंचं आणि व्हिडिओचं पॅकेज मात्र आधी दर ठरवून घ्या.

नील

नील छोटं, सपाट, भाताच्या शेतांचं आणि नारळीचं बेट आहे. सायकल किंवा स्कूटरने दिवसात पालथं घालता येतं. गावांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर अशी, त्यामुळे घरी फोनवर सांगायला सोपं. भरतपूरला पाणी उथळ, ओहोटीत काचेच्या तळाच्या बोटी थांबतात. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर तो नैसर्गिक पूल. ओहोटीची वेळ आदल्या दिवशी हॉटेलात विचारा आणि तिच्या तासभर आधी पोहोचा. खडकांवर शेवाळ असतं, साध्या चपला घसरतात. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल घाला आणि प्रवाळावर पाय देऊ नका. सोबत वयस्कर असतील तर मी हॅवलॉकची एक रात्र कमी करून नीलला दोन देईन.

बाराटांगबद्दल

चुनखडीच्या गुहा दाखवायला पोर्ट ब्लेअरहून बाराटांगला नेतात. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या जिरकाटांगच्या नाक्यावरून ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडतात, त्यासाठी पहाटे तीन-साडेतीनला निघावं लागतं. वाटेत थांबणं, फोटो काढणं, काही खायला देणं हा गुन्हा आहे. गुहा ठीक आहेत, पण बहुतेक गाड्यांतली माणसं गुहेपेक्षा जारवा ‘दिसतील का’ याच आशेवर खिडकीला नाक लावून बसतात. हा प्रकार मला पटत नाही. राखीव दिवस यात घालवू नका, रॉस आणि जेल त्याहून मोलाचे.

बॅगेत काय

घामाचे दिवस आहेत, सुती आणि लवकर वाळणारे कपडे घ्या. समुद्रासाठी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट, उन्हाचा मलमापेक्षा जास्त बचाव तोच करतो. पातळ रेनकोट. मोबाइल आणि कागदपत्रांसाठी पाणी न शिरणारी छोटी पिशवी. पुळणीवर संध्याकाळी डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक माश्या चावतात आणि खाज चार दिवस जात नाही. पायांना खोबरेल तेल चोपडलं की त्या बऱ्यापैकी दूर राहतात, आणि हे औषध आपल्या बॅगेत तसंही असतंच.

नेहमीची औषधं पूर्ण सहल अधिक तीन दिवस पुरतील इतकी घ्या. मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे, बेटांवर प्राथमिक सोयच. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा. बेटांवर एटीएम मोजकी आणि गर्दीच्या आठवड्यात रिकामी होतात. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून ऑप्टिकल फायबर आल्यापासून इंटरनेट सुधारलं आहे, तरी ‘यूपीआय चालेल’ या भरवशावर जेट्टीवर उभं राहू नये.

जेवणाची चिंता शाकाहाऱ्यांनी फार करू नये. हॅवलॉक-नीलवर बरीच वस्ती बंगाली आहे, हिंदी सगळीकडे चालतं, डाळ-भात-भाजी मिळतं. फक्त बरीच भाजी, कडधान्यं जहाजाने येतात, त्यामुळे मोसम बिघडला की तोच बटाटा फिरून फिरून समोर येतो. चिवडा-चकलीचा डबा तेव्हा कामाला येतो. फुलबाज्या, फटाके विमानात चालत नाहीत, पणत्या घ्या.

आणि परत येताना शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे पिशवीत नकोत. प्रवाळ आणि अनेक शंखांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. विमानतळावर क्ष-किरणात ते दिसतात आणि मुलाने कौतुकाने जमवलेल्या शिंपल्यांपायी बापाला खुलासे देत बसावं लागतं. दुकानातून विकत घेतलंत तर पक्कं बिल ठेवा.

शेवटचा पंधरवडा आणि बोट रद्द झाली तर

भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज देतो. त्यात बंगालचा उपसागर आणि अंदमान समुद्रात चक्रीवादळाची शक्यता किती, तेही असतं. निघण्याच्या आधीचे दोन गुरुवार तो वाचा. मोबाइलवरच्या ढग-पावसाच्या चित्रावर जाऊ नका. अंदमानात रोज दुपारी पावसाचं चित्र दिसतं आणि अर्ध्या तासाची सर पडून ऊन येतं. बघायचा तो मच्छीमारांसाठीचा इशारा. ‘अंदमान समुद्रात जाऊ नये’ असं त्यात आलं की पर्यटकांच्या बोटीही बेभरवशाच्या झाल्या असं समजा.

इशारा निघाला आणि तुम्ही अजून पोर्ट ब्लेअरला असाल, तर हॅवलॉकला जाण्याची घाई करू नका. उलट तुम्ही बेटावर असाल आणि पुढचे दोन दिवस बिघडणार असं दिसत असेल, तर एक दिवस आधीच निघा, नील सोडून द्या. फुकट गेलेल्या एका रात्रीचं भाडं चुकलेल्या चार विमान तिकिटांपेक्षा नेहमीच स्वस्त पडतं.

बोट रद्द झाल्याचं कळताच कामाची वाटणी करा. एकाने लगेच बोट कंपनीला फोन करून पुढच्या फेरीत नावं लावून घ्यायची, कारण रद्द फेरीतले सगळेच प्रवासी त्याच रांगेत असतात. हवामानामुळे रद्द झालेल्या फेरीचे पैसे खासगी कंपन्या सहसा परत करतात किंवा दुसरी तारीख देतात, ते आधी तारीख घेऊन मग बोलावं. दुसऱ्याने आहे त्याच हॉटेलात आणखी एक रात्र धरायची, कारण तासाभरात खोल्या संपतात. तिसऱ्याने पुढच्या हॉटेलला आणि विमान कंपनीला कळवायचं. आरक्षण करतानाच ‘रद्द केल्यास पैसे परत’ असं हॉटेल निवडलं असेल तर हा तिसरा फोन दोन मिनिटांत संपतो. रद्द झाल्याचा बोट कंपनीचा संदेश पुसू नका, प्रवास विम्याचा दावा करताना तोच पुरावा लागतो.